धावपळीत ख्रिस्त मध्यभागी कसा राहील? गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः कॅथलिक वाचकांना समोर ठेवून लिहिली आहेत. नगर, सिंधुदुर्ग, बेळगावकडून नोकरीसाठी गोव्यात आलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांनाही बराच भाग लागू पडेल. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), कुमसार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली), तेर्स (माळेवर म्हणायची रोझरी) यांचे नियम मात्र कॅथलिकांचे आहेत.

रोज प्रार्थनेला वेळच उरत नाही. सुरुवात कुठून करायची?

उरलेल्या वेळातून सुरुवात केली की तिथेच गाडं अडतं. रात्री वेळ उरत नाही, उरतो तो थकवा. म्हणून आधी जागा ठरवा, मग ती वेळ कशाला जोडायची ते ठरवा आणि मिनिटांचा विचार सगळ्यात शेवटी करा.

जागा म्हणजे एक ठरलेली खुर्ची. घरात आल्तार (देव्हारा) असेल तर त्याच्यासमोर, नसेल तर खिडकीशी. पलंगावर नको, झोप लागते. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहूनही नको, कारण तिथे हात आपोआप कामाला लागतात. मग ही प्रार्थना रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. चहाचं आधण ठेवलं की, किंवा पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला आणि पाव घेऊन झाले की. "सकाळी साडेसहाला" असं ठरवलं तर पहिल्या उशिराच्या दिवशी ते मोडतं. "पाव घेतल्यावर" असं ठरवलं तर पोदेर उशिरा आला तरी ते टिकतं.

पहिले दोन आठवडे पाचच मिनिटं. खुरसाची (क्रुसाची) खूण, मिनिटभर गप्प बसणं, त्या दिवसाच्या शुभवर्तमानातल्या चार-पाच ओळी सावकाश वाचणं, आज ज्याची धास्ती आहे ते एका वाक्यात देवाला सांगणं आणि शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. एवढंच. रिट्रीटहून (प्रार्थना-शिबिराहून) परतलेली माणसं पहिल्याच दिवशी पाऊण तासाचा संकल्प सोडतात. आठवड्याभरात एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी दीड तासाची भरपाई करावीशी वाटते, ती जमत नाही, आणि मग लाजेने सगळंच सुटतं. प्रार्थनेची बाकी चढत नाही. काल चुकलं असेल तर आज फक्त आजची पाच मिनिटं.

पण पाच मिनिटं पुरेशी आहेत का?

चर्चने रोजच्या प्रार्थनेला मिनिटांचा आकडा घालून दिलेला नाही. दोन आठवडे पाच मिनिटं टिकली की दहा करा, महिन्याने पंधरा. त्यापुढे वाढवायचं की नाही हे आपल्या धर्मगुरूंशी बोलून ठरवा. अर्ध्या तासाच्या नादात पंधरा मिनिटंही गमावलेले लोक पुष्कळ आहेत.

वेर्ण्याच्या कारखान्यात माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. ठरलेली वेळ कशी पाळू?

घड्याळ सोडा, क्रम धरा. सकाळी ६ ते २, दुपारी २ ते १० आणि रात्री १० ते ६ या तिन्ही पाळ्यांमध्ये काही क्षण सारखेच असतात: कंपनीच्या बसमध्ये बसणं, जेवणाचा डबा उघडणं, घरी येऊन बूट काढणं. यातला एक निवडा. बसमधली पहिली दहा मिनिटं चांगली, कारण तिथे दुसरं काम नसतं. मात्र शेजाऱ्याशी गप्पा सुरू होण्याआधी सुरू करा. एकदा क्रिकेटचा विषय निघाला की संपलं.

रात्रपाळीहून आल्यावर लांब प्रार्थना करू नका. शरीराला झोप हवी असते आणि डुलक्या घेत म्हटलेल्या तेर्सचा नंतर कंटाळाच येतो. त्या आठवड्यात झोपण्याआधी एक स्तोत्र पुरे, मोठी प्रार्थना उठल्यावर. स्तोत्र ४ आणि स्तोत्र ९१ ही दोन्ही चर्चच्या झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत पूर्वापार म्हटली जातात. दोन्ही छोटी आहेत आणि थोड्या दिवसांत पाठ होतात.

आणि बाराची घंटा विसरू नका. गोव्यातल्या गावांत चर्चची आंजेलुसची (मरियेला उद्देशून म्हणायच्या छोट्या प्रार्थनेची) घंटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाजते. तीन छोटी वचनं, प्रत्येकानंतर एक 'नमो मरिया' आणि शेवटची प्रार्थना, मिळून जेमतेम दोन मिनिटं. कारखान्यात घंटा ऐकू येत नसेल तर घड्याळात गजर लावा, पण त्याला फोनची नेहमीची रिंगटोन ठेवू नका. पास्कापासून (ईस्टर) सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टपर्यंत आंजेलुसऐवजी 'रेजिना चेली' ही मरियेची प्रार्थना म्हणतात. ते पाठ नसेल तर तीन 'नमो मरिया' म्हणा.

हॉटेलात रविवारी सुट्टी मिळत नाही. मिस्सा चुकते, ते पाप आहे का?

आधी नियम नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीमुळे कित्येक जण उगाच मनाला खात बसतात. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी धरली जाते. रविवारी दिवसभरात कुठल्याही कॅथलिक चर्चमधली, कुठल्याही भाषेतली मिस्सा चालते. आपल्याच पॅरिशमध्ये (आपल्या भागाच्या चर्चमध्ये) जायला हवं असं नाही. आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल किंवा तसंच गंभीर कारण असेल तर बंधन लागू होत नाही. पॅरिशचे धर्मगुरू योग्य कारणासाठी सूटही देऊ शकतात. मिस्साला जाणं अशक्यच असेल, तर त्या दिवशी घरी किंवा एकट्याने शास्त्रवाचन आणि प्रार्थनेला वेळ द्यावा असं चर्चचा कायदा सुचवतो.

आता व्यवहार. रोस्टर लागल्यावर भांडू नका, लागण्याआधी बोला. "रविवार सुट्टी द्या" या मागणीला सीझनमध्ये उत्तर 'नाही'च येतं. "रविवारी दोन तास उशिरा येतो, रात्री दोन तास जास्त थांबतो" याला बहुतेक जण हो म्हणतात. गोव्यात अदलाबदलही चालते: चवथीला तुम्ही ड्युटी घ्या, नाताळच्या सकाळी हिंदू सहकारी तुमची घेईल. हे आधी बोलून, शक्य असेल तर लिहून ठरवा. २० डिसेंबरला विचारलं तर कोणीच सापडत नाही.

कामाच्या वाटेवरच्या तीन चर्चच्या मिस्साच्या वेळा लिहून पाकिटात ठेवा: एक पहाटेची, एक संध्याकाळची, एक शनिवारची. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवसांत वेळा बदलतात, तेव्हा चर्चच्या फलकावर पाहून खात्री करा. कम्युनियनआधी (मिस्सात पवित्र भाकर घेण्याआधी) एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. ड्युटीवरून थेट चर्चमध्ये जाणारे हॉटेलवाले इथेच चुकतात. निघताना चहा घेतात, मग कम्युनियनला उठत नाहीत आणि हळूहळू न उठण्याचीच सवय होते.

टीव्हीवरची मिस्सा आजाऱ्यांसाठी मोठा आधार आहे. जो जाऊ शकतो त्याच्यासाठी ती पर्याय ठरत नाही.

नाताळ म्हणजे आमच्यासाठी कामाचा सगळ्यात वाईट आठवडा. सणाचं काय करायचं?

हॉटेल, टॅक्सी, शॅक या धंद्यात असलेल्यांची ही खरी अडचण आहे. २४ ते ३१ डिसेंबर हे दिवस दुसऱ्यांच्या सुट्टीचे असतात आणि तुमचे राबण्याचे.

चर्चचं कॅलेंडर इथे तुमच्या बाजूचं आहे. नाताळचा काळ २५ तारखेला संपत नाही, तेव्हा सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्यामुळे २५ ला एक मिस्सा नक्की करा, मध्यरात्रीची किंवा सकाळची, आणि कुटुंबाचं एकत्र जेवण, गोठ्यासमोरची प्रार्थना, मुलांच्या भेटवस्तू हे सगळं ६ जानेवारीच्या आसपास ठेवा. तीन राजांचं फेस्त कांसावली, चांदर आणि रेइश मागुश इथे ६ तारखेलाच थाटात होतं, त्यामुळे गोव्यात तो दिवस कोणाला परका वाटणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाताळआधीचा आगमनकाळ. त्याचे चार रविवार नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला चालू होतात, म्हणजे धंदा शिगेला पोहोचण्याआधी. मनाची तयारी त्यात करून घ्या, कुमसारही तेव्हाच. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक आठवड्याभरावर ठेवले तरी चालतात. आगमनकाळ मात्र बहुतेक घरांत दोदोल ढवळण्यातच जातो.

घरी तेर्स सुरू करतो आणि महिन्याभरात बंद पडते. का?

बहुतेक वेळा लांबीमुळे. हिशेब करून बघा. सावकाश म्हटलेली 'नमो मरिया' सुमारे २० सेकंदांची. दहा झाल्या, त्यात आमच्या पित्या आणि गौरव धरले, की एक दशक चार मिनिटांचं. पाच दशकं म्हणजे २० मिनिटं. सुरुवातीचा विश्वासांगीकार, शेवटची लितानी, मग आजीची मेलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, दर्यावर असलेल्यांसाठी अशी वेगवेगळी प्रार्थना, की ४० मिनिटं सहज. आजीला ती जड जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला जाते, आणि मुलाला रोज ओरडून बसवणाऱ्या आईलाही.

सोमवार ते शुक्रवार एकच दशक म्हणा, चार मिनिटांचं. शनिवारी किंवा रविवारी पूर्ण तेर्स. रोजच्या दशकाचं रहस्य (येशू-मरियेच्या आयुष्यातला मनन करायचा प्रसंग) एका वाक्यात सांगा, ते सांगायची पाळी मुलांना द्या. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची रहस्यं. शेवटचा हा गट पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातला, त्यामुळे जुन्या प्रार्थनापुस्तकांत तो सापडणार नाही.

वेळ मालिकेच्या आधीची ठरवा, नंतरची नको. फोन सगळ्यांचे एका टोपलीत, आईवडिलांचेही. अर्धं कुटुंब अजून वाटेत असेल तर त्यांची वाट बघू नका, घरी आहेत त्यांनी सुरू करा. वाट बघण्यातच बऱ्याच घरांची तेर्स मेली आहे.

आणि तेर्सनंतर बेसांव. मुलं हात जोडून मोठ्यांसमोर येतात, मोठे आशीर्वाद देतात. यात अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्यात दिवसभराचा अबोला सुटतो. मराठी घरांत बेसांव नसली तरी वाकून नमस्काराची रीत आहे. डोक्यावर खुरसाची खूण करून आशीर्वाद देता येतो. तेर्स लहान करायची वेळ आली तर ती करा, बेसांव गाळू नका.

मुलांची दोतोर्न (धर्मशिक्षणाचा वर्ग) रविवारी आणि फुटबॉलची मॅचही रविवारी. ट्यूशन तर रोजच. काय सोडायचं?

फुटबॉल सोडायला लावलं तर मूल दोतोर्नचाच राग करू लागतं, हे गोव्यात शिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कोचशी बोला. गोव्यातल्या पुष्कळ कोचना मिस्साची वेळ माहीत असते आणि सराव अर्धा तास पुढे ढकलायला त्यांची फारशी ना नसते. पालक विचारतच नाहीत.

ट्यूशनचं वेगळं. दहावीच्या वर्षी चर्चला सुट्टी देणारी घरं आहेत, "परीक्षा झाली की मग" असं म्हणत. मग अकरावी येते, मग प्रवेशाची धावपळ. दहावीत चर्चपासून तुटलेलं मूल लग्नाच्या वेळीच परत दिसतं. अभ्यासाच्या वर्षात इतर सगळं कमी करा, कॉयर, नाटक, सहली, पण रविवारची मिस्सा आणि रोजचं एक दशक ठेवा. मिस्साचा तास अभ्यासातून गेला म्हणून कोणी नापास झालेलं नाही.

मुलाला शिकवायची खरी जागा मिस्साहून परतताना असते. "फादर काय म्हणाले?" असं विचारू नका, ती तोंडी परीक्षा होते. आज वाचलेल्या शुभवर्तमानात तुम्हाला काय खुपलं ते तुम्हीच सांगा.

मी फेस्त समितीत, कॉयरमध्ये आणि आमच्या वाड्याच्या छोट्या समुदायात आहे. चर्चमध्येच असतो, तरी आत रिकामं वाटतं.

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण आमच्या मते गोव्यात नोकरीपेक्षा याच कारणाने श्रद्धा जास्त झिजते. फेस्ताच्या आधीचे नऊ दिवस बघा. नोव्हेन (नऊ दिवसांची प्रार्थना) चालू असते आणि समितीचे लोक बाहेर लाऊडस्पीकरच्या वायरींशी, मांडवाच्या बांबूंशी, देणग्यांच्या पावत्यांशी झटत असतात. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेन २४ नोव्हेंबरला सुरू होते, फेस्त ३ डिसेंबरला. त्या दिवसांत पार्किंग, पाणी आणि रांगा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना एकही मिस्सा नीट ऐकायला मिळत नसेल, तर नियोजन चुकलं आहे.

लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे: मार्था येशूच्या पाहुणचारात गुंतलेली, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली. ती वाचून बायकांनी स्वयंपाक करू नये असा अर्थ कोणी काढू नये. प्रभू मार्थाला म्हणतो की ती पुष्कळ गोष्टींची चिंता आणि दगदग करते. बोट त्या दगदगीवर आहे.

म्हणून काही ठोस नियम. एका वर्षात एकच जबाबदारीचं पद. दोन पदं विचारली तर एक नाकारा, आणि नाकारताना लांब कारण देऊ नका, कारण लांब कारणावर लगेच तोडगे निघतात. समितीच्या बैठकीआधी दहा मिनिटं सगळ्यांनी चर्चमध्ये, पवित्र साक्रामेंतासमोर (तिथे ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर), अजेंडा न उघडता. नऊ दिवसांपैकी किमान तीन दिवस प्रत्येक स्वयंसेवकाने काही काम न घेता बाकावर बसायचं, आणि हे ड्युटीच्या तक्त्यातच लिहायचं. तक्त्यात नसलेली गोष्ट होत नाही. कॉयरमधल्यांनी महिन्यातून एकदा न गाता मिस्सा ऐकावी. पुढची पट्टी कोणती, सोलो कोणाचा, याचा विचार चालू असताना प्रवचन कानात शिरत नाही.

फटाके आणि बँडवर किती खर्च करायचा हे समितीने ठरवावं, पण फेस्ताच्या खर्चासाठी कर्ज काढू नये. संताला तुमच्या हप्त्यांची गरज नाही.

बायबल वाचायला घेतो आणि तिसऱ्याच पुस्तकावर, लेवीयवर अडतो. कोणत्या क्रमाने वाचू?

मार्कपासून. त्याचे १६ अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळा दिवसांत संपतो. मत्तय २८, लूक २४, योहान २१. चारही मिळून ८९ अध्याय, म्हणजे रोज एक धरला तर तीन महिने. स्तोत्रं १५० आहेत, रोज पाच वाचली तर महिन्यात एक फेरी होते. ११९ वं इतकं लांब आहे की त्याला वेगळे तीन-चार दिवस द्या. उत्पत्ती आणि निर्गम यानंतर. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसल्याबद्दल चांगलं सुनावतो. ऑफिसात सगळं स्वतःच करणाऱ्यांनी तो आधी वाचला तरी चालेल.

याहून सोपी वाट हवी असेल तर येत्या रविवारच्या मिस्साची वाचनं आठवड्यात वाचा. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं: अ वर्षी मुख्यतः मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. ओळखायची खूण अशी, ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते क वर्ष. २०२५ तसं होतं. मात्र चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं.

विकत घेताना पाहून घ्या: कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६. फोनवरचं बायबल प्रवासात बरं. घरी छापील ठेवा. फोन हातात घेतला की पहिला हिरवा ठिपका व्हॉट्सअ‍ॅपचाच दिसतो.

मिस्सा कोकणीत असते. मी मराठीत वाढलो, नीट कळत नाही आणि मन भरकटतं.

मिस्साचा सांगाडा जगभर एकच आहे. कुठे काय चाललं आहे ते कळत असेल तर भाषा फार आड येत नाही. वाचनं आदल्या रात्री मराठी बायबलमधून वाचून ठेवा, म्हणजे कोकणी वाचन ऐकताना अर्थ आधीच माहीत असतो. प्रवचन पहिले काही महिने अर्धं सुटेल. सुटू द्या. उत्तरं मात्र कोकणीतून पाठ करा, ती मोजकी आहेत, आणि एकदा पाठ झाली की शेजारच्या बाकावरचे लोक तुम्हाला पाहुणा समजत नाहीत.

आणि गोव्यात ख्रिस्ती श्रद्धा मराठीला नवी नाही. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांमध्ये रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. मराठीतून प्रार्थना करायची तुम्हाला लाज वाटायचं काही कारण नाही.

कुमसारला जायला सवड होत नाही. वर्षातून एकदा पुरतं ना?

गंभीर पाप असेल तर ते वर्षातून एकदा तरी सांगणं हा चर्चचा किमान नियम आहे. किमान नियमावर जगायचं ठरवलं की सगळे एकाच वेळी पवित्र आठवड्यात येतात, रांग लागते, मागे खोकला ऐकू येतो आणि माणूस दोन मिनिटांत ठराविक यादी म्हणून उठतो.

महिन्यातून एकदा ठरवा. पहिला शुक्रवार सोयीचा, कारण त्या दिवशी येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती असते आणि बऱ्याच चर्चमध्ये मिस्साआधी धर्मगुरू उपलब्ध असतात. तयारीला दहा मिनिटं द्या. दहा आज्ञांची यादी घोकण्याऐवजी तीन गोष्टी बघा: घरातल्यांशी कसं वागलो, पैशांचा आणि कामाचा व्यवहार कसा केला, देवाला कुठे टाळलं. धंद्यात असाल तर दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. पर्यटकाला दुप्पट भाडं सांगणं हे "मी रागावतो" याखाली लपवता येत नाही.

करेज्ममध्ये (पास्काआधीच्या उपवासकाळात) उपवास आणि ड्युटी, दोन्ही कसं जमवायचं?

सक्तीचे उपवास दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. एक पोटभर जेवण आणि दोन हलकी, जी मिळून एका जेवणाइतकी होऊ नयेत. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत हा नियम लागू. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे. आजारी, गरोदर, अंगावर पिणारं मूल असलेल्या बाया, जड मेहनतीचं काम करणारे यांना सूट असते. मधुमेहींनी औषधाच्या वेळा सोडून उपवास करू नये.

मासे चालतात. पण गोव्यात मांस सोडून सुरमईचा तळलेला तुकडा खाणं याला त्याग म्हणायचं की मेजवानी, हे ज्याचं त्याने ठरवावं. कामाच्या माणसाला जास्त कामाचा त्याग वेगळा असतो: संध्याकाळचा पेग, तासभराचं स्क्रोलिंग, सहकाऱ्याची चुगली. यातलं एकच निवडा आणि वाचलेले पैसे किंवा वेळ कोणाला द्यायचा ते पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर ते पास्काच्या खरेदीत जातात.

प्रार्थनेला बसतो पण काहीच वाटत नाही. चालू ठेवू की सोडू?

चालू ठेवा, पण आधी कारण बघा. बहुतेक वेळा ते साधं असतं: झोप कमी, प्रार्थनेची वेळ चुकीची किंवा कोणाशी तरी धरलेला अबोला. शेवटचं असेल तर मत्तय ५:२३-२४ स्पष्ट आहे, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट. खाणं, झोप, कामातला रस सगळंच आठवडेच्या आठवडे गेलं असेल तर डॉक्टरांकडे जा. ते श्रद्धेची कमतरता नव्हे.

कारण काहीच सापडत नसेल तर संत इग्नेशियसची दिवसाची उजळणी करून बघा. झेवियर ज्यांचे सोबती होते तेच इग्नेशियस. दहा मिनिटं लागतात. देवाच्या समोर आहोत याची आठवण आणि दिवसाबद्दल आभार. खरं दिसावं म्हणून प्रकाश मागणं. सकाळपासून दिवस तासातासाने आठवणं. जिथे चुकलो तिथे क्षमा. उद्याच्या एका प्रसंगासाठी मदत. लोक तिसऱ्या पायरीत फक्त चुका शोधतात आणि ही उजळणी कंटाळवाणी होऊन बसते. चांगले क्षणही मोजा, कुठे अचानक हलकं वाटलं तेही. झोपण्याआधी आडवं पडून करू नका; जेवणानंतर भांडी आवरून झाली की.

नवरा ख्रिस्ती नाही. घरात मी एकटीच.

त्याला ओढू नका आणि स्वतः लपू नका. आल्तार कपाटात नको, भिंतीवर असू द्या. प्रार्थनेची वेळ घरात सगळ्यांना माहीत असावी, म्हणजे तेव्हा कोणी हाक मारत नाही. सासरच्या सणाला मदत करा, जेवा, पाहुणे सांभाळा; पूजेत काय करायचं नाही ते सासूबाईंशी आधीच आदराने बोलून ठेवा, आयत्या वेळी हात मागे घेतला की तो अपमान वाटतो. मुलांच्या बाप्तिस्म्याचं आणि दोतोर्नचं मूल होण्याआधी ठरलं असेल तर उत्तम. नसेल तर आता धर्मगुरूंना दोघांनी मिळून भेटा.

नवरा जहाजावर आहे, सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. त्याची श्रद्धा तिकडे आणि आमची इकडे, हे कसं जोडायचं?

तारवटींना (खलाशांना) जहाजावर रविवार ओळखायला फक्त कॅलेंडर असतं. बंदरात उतरायला मिळालं तर स्टेला मारिस या संस्थेचे चॅप्लिन (खलाशांसाठी नेमलेले धर्मगुरू) अनेक मोठ्या बंदरांत भेटतात. १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झालेलं हे काम खास खलाशांसाठी आहे. मिस्सा, कुमसार, घरी फोन, सगळ्याला मदत होते. निघण्याआधीच आपल्या मार्गावरची बंदरं आणि तिथले चॅप्लिन शोधून ठेवावे, समुद्रात नेट मिळेलच असं नाही. गल्फमध्ये ज्या देशांत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते तिथल्या चर्चमध्ये त्या दिवशीही मिस्सा असतात.

त्याच्या बॅगेत छापील बायबल, रोझरी आणि वर्षाच्या वाचनांचं छोटं कॅलेंडर द्या. घरी आणि जहाजावर त्याच दिवशी तोच अध्याय वाचायचा असं ठरवा. दोघांच्या घड्याळांत कितीही तासांचा फरक असला तरी मार्कचा पाचवा अध्याय दोन्हीकडे तोच असतो, आणि नेट आलं की "आज काय झालं?" याऐवजी बोलायला काहीतरी असतं. घरी मुलांच्या रोजच्या दशकात एक 'नमो मरिया' बाबाच्या नावाने. तो सुट्टीवर आल्यावर पहिले पंधरा दिवस पाहुणे आणि पार्ट्यांत जातात, म्हणून परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारची मिस्सा आणि घरची एक पूर्ण तेर्स तिकीट काढतानाच ठरवून ठेवा.